भाजणे, पोळणे आणि पहिली वीस मिनिटे

आपल्या मराठीत उष्णतेच्या इजेला किती शब्द आहेत, याचा विचार विद्यार्थ्यांनी कधी केला आहे का? तव्याला बोट लागले की 'चटका' बसतो. उकळता चहा सांडला की हात 'पोळतो'. निखाऱ्याने 'भाजते', आणि ज्वाळांत सापडलेला माणूस 'होरपळतो'. ज्या भाषेने इतके बारीक भेद केले, ती बोलणाऱ्या घरांत या सर्वांवर उपाय मात्र एकच: हाताला लागेल ते काहीतरी चोपडणे! शाई, टूथपेस्ट, हळद, तूप, बटाट्याचा कीस, पिवळे मलम. आणि या सर्वांच्या जोडीला एक ठाम ताकीद: "पाणी लावू नका, फोड येतील."

ही ताकीद मी स्वतः एकदा मानली आहे. तिची किंमत मी दिली नाही. ती एका बारा वर्षांच्या मुलाने दिली. म्हणून हा लेख.

सियागंजातील एक दुपार

माझे आजोळ इंदूरचे. रेल्वे स्टेशनजवळ सियागंज ही किराण्याची मोठी घाऊक बाजारपेठ आहे. तेथे मामांची लहानशी पेढी होती. जिरे, मिरी, वेलदोडे यांचा वास, गोण्या वाहणारे हमाल, वाट काढणाऱ्या हातगाड्या, आणि दर तासाला येणारा चहा. मे १९९६ मध्ये मी बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन तेथे सुट्टीला गेलो होतो.

पेढीसमोर चहाची गुमटी होती. फळीवर पंपाचा स्टोव्ह आणि त्यावर दुधाचे पातेले. दुपारी तीनच्या सुमारास एका हातगाडीचा धक्का फळीला बसला आणि उकळते दूध गुमटीवर काम करणाऱ्या मुलाच्या उजव्या हातावर व मांडीवर सांडले. अंगात पूर्ण बाह्यांचा टेरीकॉटचा सदरा, मनगटात पितळी कडे. तो ओरडलासुद्धा नाही; हात वर धरून नुसता उभा राहिला.

क्षणात गर्दी जमली. एकाने पाण्याचा लोटा पुढे केला, तोच दुसरा ओरडला, "अरे भिया, पानी मत डालो, छाले पड़ जाएँगे!" लोटा मागे गेला. मामांनी माझ्याकडे पाहिले. "तू सायन्सवाला ना रे? सांग काय करायचे ते." मी सांगितले. बाजूच्या दुकानातून टूथपेस्ट आणवली आणि ती हातभर लावली. रसवंतीवाल्याकडून बर्फाचा तुकडा आणून मांडीवर धरला. ओली बाही हातावर तशीच राहिली. कडे काढावे हे कोणालाच सुचले नाही.

त्या जागेपासून दहा पावलांवर प्याऊ होती. इंदूरच्या उन्हाळ्यात व्यापारी जागोजागी पाणपोया घालतात, तशीच ही एक. लाल कापड गुंडाळलेले चार माठ, थंड पाण्याने काठोकाठ भरलेले. बाष्पीभवनाने माठातले पाणी का गार होते, यावर मी महिन्यापूर्वीच पेपरात उत्तर लिहिले होते.

रुग्णालयात पोहोचेपर्यंत हात सुजून कडे मांसात रुतले होते. ते कापून काढावे लागले. टूथपेस्ट खरवडताना त्या मुलाने जो आक्रोश केला, तो मी येथे लिहीत नाही. तरुण डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो एवढाच: "पाणी किती वेळ ओतलेत?" आम्ही तिघेही खाली पाहत राहिलो.

त्वचेत काय घडते?

त्वचेचे मुख्य थर दोन: वरची बाह्यत्वचा आणि खालची अंतस्त्वचा. अंतस्त्वचेत रक्तवाहिन्या, मज्जातंतूंची टोके, केसांची मुळे व घर्मग्रंथी असतात. फक्त बाह्यत्वचा भाजली तर कातडी लाल होते, आग होते, आणि काही दिवसांत व्रण न राहता बरी होते. अंतस्त्वचेपर्यंत इजा गेली की फोड येतात. संपूर्ण जाडी जळाली की कातडी पांढरी, चामड्यासारखी किंवा काळी दिसते, आणि तेथे वेदना कमी असते. कारण वेदना पोहोचवणारे तंतूच जळालेले असतात. 'दुखत नाही, म्हणजे फारसे लागले नाही' हा समज म्हणूनच घातक आहे.

इजा दोन गोष्टींवर अवलंबून असते: तापमान आणि काळ. मॉरिट्झ व हेन्रिक्स या अमेरिकन संशोधकांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, ४४ अंश सेल्सिअसला त्वचेची हानी होण्यास सुमारे सहा तास लागतात. पण ६० अंशांना काही सेकंद पुरतात, आणि ७० अंशांना एक सेकंदही फार होतो. चहा, दूध, वरण हे पदार्थ उतरवताना याच्या किती वर असतात, ते सांगायला नकोच.

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी एक सोपे गणित. १०० अंशांचे एक ग्रॅम पाणी ४० अंशांपर्यंत निवताना ६० कॅलरी उष्णता देते. १०० अंशांची एक ग्रॅम वाफ आधी पाणी होताना ५४० कॅलरी देते, मग निवताना आणखी ६०, एकूण ६००. म्हणजे कुकरच्या वाफेचा एक ग्रॅम उकळत्या पाण्याच्या दहापट उष्णता कातडीला देऊ शकतो. तळणीचे तेल १७० ते १९० अंशांवर असते आणि ते चिकटून राहते. जिलबीचा पाकही तसाच चिवट.

आता मुख्य मुद्दा. बर्मिंगहॅमचे शल्यचिकित्सक डग्लस जॅक्सन यांनी १९५३ मध्ये दाखवले की, भाजलेल्या जागी तीन वलये असतात. मध्यभागी मेलेल्या पेशींचे वलय. ते वाचत नाही. सर्वांत बाहेर नुसत्या लालीचे. ते आपोआप बरे होते. या दोहोंच्या मध्ये असते ते रक्तप्रवाह मंदावलेले वलय. तेथील पेशी जिवंत असतात, पण काठावर. पुढच्या एकदोन दिवसांत त्या मरतील की जगतील, हे बरेचसे आपण काय करतो यावर ठरते. प्रथमोपचार हा या मधल्या वलयासाठी असतो.

स्टोव्ह विझला तरी पातेले गरम राहते, तसे दूध ओघळून गेले तरी कातडीत साठलेली उष्णता आत झिरपतच राहते. ती ओढून काढील असा पदार्थ हवा. पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे २५ पट आहे, आणि त्याची विशिष्ट उष्णताही मोठी. तेव्हा वाहते पाणी हे सर्वांत स्वस्त व सर्वांत गुणकारी औषध ठरते. ते सूज व वेदनाही कमी करते. टूथपेस्ट, तूप, तेल यांचा थर मात्र उष्णतेला वर झाकण घालतो. शाई व हळद जखमेचा रंग लपवतात, आणि डॉक्टरांना खोली ओळखणे अवघड होते. बर्फाने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. ज्या मधल्या वलयाला रक्ताची गरज असते, नेमके तेच उपाशी राहते. त्या दुपारी मी एकाच मुलावर या दोन्ही चुका केल्या.

'फोड येतील' हा समज आला कोठून?

लोकांना नुसते अडाणी म्हणून मोकळे होणे बरे नाही. फोड हे इजेच्या खोलीमुळे येतात, आणि ते यायला थोडा वेळ लागतो. कोणी पाणी ओतले आणि अर्ध्या तासाने फोड दिसला, तर दोष पाण्याला दिला जातो. पाणी ओतले नसते तरी फोड आलाच असता, कदाचित अधिक मोठा. 'यानंतर, म्हणून यामुळे' ही तर्काची जुनी चूक आहे. तर्कशास्त्राच्या तासाला ती आपण शिकतो, आणि स्वयंपाकघरात विसरतो.

आपल्या प्राचीन वैद्यकाचे उदाहरणही उद्बोधक आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात भाजण्याचे चार प्रकार सांगितले आहेत: प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध. खोलीप्रमाणे केलेले हे वर्गीकरण आजच्या वर्गीकरणाच्या आश्चर्यकारक जवळ आहे. तापलेले तेल सूक्ष्म मार्गांनी आत शिरून अधिक पोळते, हे निरीक्षणही तेथे आहे. परंतु त्याच ग्रंथात प्लुष्टावर शेक देण्याचा सल्ला आहे, आणि थंड पाण्याने रक्त गोठते असे कारण दिले आहे. उलट इराणातील वैद्य अल-राझी याने हजार वर्षांपूर्वी थंड पाण्याची शिफारस केली होती. थोरांचे निरीक्षण घ्यावे. त्यांचा उपाय मात्र नव्या पुराव्यावर पारखून घ्यावा. यात त्यांचा अवमान नाही.

काय करावे?

पुढील क्रम विद्यार्थ्यांनी पाठ करावा, असे मी आग्रहाने सांगतो.

१. आधी इजेचे कारण दूर करा. कपड्यांनी पेट घेतला असेल तर पळू नये. पळण्याने वारा मिळून ज्वाळा वाढतात. जमिनीवर आडवे व्हावे व लोळावे. दुसऱ्याने जाड सुती चादर, सतरंजी किंवा गोणपाट टाकून ज्वाळा दाबाव्यात आणि लगेच पाणी ओतावे. विजेचा धक्का असेल तर मुख्य बटण बंद केल्याशिवाय माणसाला हात लावू नये.

२. भिजलेले वा जळके कपडे उतरवा. गरम दूध शोषलेली बाही म्हणजे हाताला बांधलेले गरम पोतेरेच. मात्र कातडीला चिकटलेला कपडा ओढू नये. त्याभोवती कात्रीने कापून तेवढा भाग तसाच ठेवावा.

३. अंगठी, बांगड्या, कडे, घड्याळ, पैंजण, करगोटा हे सूज येण्यापूर्वी काढा. मिनिटे गेली की ते निघत नाहीत आणि पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तोडतात.

४. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे थंड, वाहते पाणी सोडा. घड्याळ लावून वीस; अंदाजाने नव्हे, कारण त्या घाईत दोन मिनिटेही वीस वाटतात. पहिल्या क्षणापासून केले तर उत्तम, पण इजेनंतर तीन तासांपर्यंत याचा उपयोग होतो. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी कढत असते, तेव्हा आधी आपल्या हातावर पाहावे. माठाचे वा विहिरीचे पाणी चांगले. पाणी तुटपुंजे असेल तर खाली घमेले ठेवून तेच पाणी निववून पुन्हा ओतावे, किंवा ओले स्वच्छ फडके वारंवार बदलत राहावे.

५. जखम थंड करा, पण माणूस गरम ठेवा. लहान मूल असेल किंवा भाजलेला भाग मोठा असेल, तर शरीराचे तापमान फार उतरण्याचा धोका असतो. उरलेले अंग कोरड्या पांघरुणात ठेवावे. हुडहुडी भरली किंवा गुंगी आली तर पाणी थांबवावे.

६. नंतर झाका. अन्न झाकायचा पातळ पारदर्शक प्लास्टिक कागद असल्यास तो जखमेवर लांबट पसरावा. गच्च गुंडाळू नये. नसेल तर धुतलेले, तंतू न सुटणारे सुती कापड चालेल. कापूस ठेवू नये. फोड फोडू नयेत. फोडाची कातडी ही निसर्गाने बांधलेली पट्टी आहे.

७. हात किंवा पाय भाजला असेल तर तो उंच ठेवा, आणि रुग्णालयाकडे निघा. रुग्णवाहिकेसाठी १०८, कोणत्याही संकटासाठी ११२. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना आठवणीने विचारावे.

रासायनिक इजेची रीत थोडी वेगळी. चुनकळीसारखी कोरडी पूड असेल तर ती आधी झटकून काढावी, मग भरपूर पाणी. आम्ल असो की कॉस्टिक सोडा, धुणे वीस मिनिटांवर न थांबवता बराच अधिक वेळ चालू ठेवावे. आम्लावर अल्क ओतून ते मारण्याचा प्रयोग करू नये. उदासिनीकरणाच्या क्रियेत उष्णता बाहेर पडते, हे रसायनशाळेत आपण परीक्षानळीला हात लावून पाहिलेले असते. तीच उष्णता जखमेत सोडायची काय?

आणि कढईतल्या तेलाने पेट घेतला तर त्यावर पाणी कदापि टाकू नये. पाण्याची वाफ होताना त्याचे आकारमान सुमारे १७०० पट होते आणि पेटते तेल घरभर उडते. गॅस बंद करून कढईवर झाकण सरकवावे.

केव्हा घरी, केव्हा रुग्णालयात?

किती भाग भाजला हे मोजण्याची एक युक्ती आहे. रुग्णाचा स्वतःचा तळहात, बोटांसह, म्हणजे त्याच्या शरीराचा साधारण एक टक्का. मोठ्या भागासाठी वॉलेस यांचा १९५१ चा नवांचा नियम वापरतात: डोके व मान ९ टक्के, प्रत्येक हात ९, पुढचे धड १८, पाठ १८, प्रत्येक पाय १८ आणि उरलेला १ जननेंद्रियांचा. लहान मुलांचे डोके प्रमाणाने मोठे असते, म्हणून त्यांना हा नियम जसाच्या तसा लागू पडत नाही.

टक्क्यांना एवढे महत्त्व का? भाजल्यावर रक्तातील द्रव वाहिन्यांतून पाझरून जातो. बॅक्स्टर यांच्या १९६८ च्या सूत्राप्रमाणे ५० किलो वजनाच्या आणि ३० टक्के भाजलेल्या माणसाला पहिल्या २४ तासांत ४ × ५० × ३० म्हणजे ६००० मिलिलिटर सलाईन लागते, आणि त्यातले निम्मे इजेपासून पहिल्या आठ तासांत. हे काम घरचे नव्हे. पण उशीर का परवडत नाही, ते यावरून कळावे.

पुढील प्रत्येक बाबतीत रुग्णालय गाठावे: फोड आलेली जागा रुग्णाच्या तळहातापेक्षा मोठी असेल, चेहरा, हात, पाऊल, सांधा वा जननेंद्रिय भाजले असेल, इजा हातापायाभोवती वेढा घालून असेल, कातडी पांढरी वा काळी व बधिर असेल, रुग्ण बालक, वृद्ध वा गरोदर असेल, वीज किंवा रसायन कारण असेल. विजेची खूण वर नाण्याएवढी असली तरी आत स्नायू जळालेले असतात, आणि हृदयाची लय बिघडू शकते. बंद जागेतल्या धुरातून बाहेर काढलेल्या माणसाचा आवाज घोगरा झाला असेल किंवा नाकाशी काजळी दिसत असेल, तर अंगावर एक फोड नसला तरी तो गंभीर रुग्ण समजावा. सियागंजाजवळच्या राणीपुऱ्यात एप्रिल २०१७ मध्ये फटाक्यांच्या दुकानाला आग लागून अनेकांचे प्राण गेले. गोदामांच्या बाजारपेठांतून बाहेर पडायच्या वाटा मोकळ्या ठेवणे हा भाजण्यावरचा पहिला प्रथमोपचार आहे, असे मला वाटते.

पोलिसांच्या भीतीने लोक रुग्णाला हात लावत नाहीत, हेही आपण पाहतो. १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्ध सांगितले आहे की, जखमीचे प्राण वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य. कायद्याचे सोपस्कार नंतर.

शेवटी

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दर वर्षी सुमारे १ लाख ८० हजार माणसे भाजून मरतात, आणि एकट्या भारतात १० लाखांहून अधिक मध्यम ते गंभीर स्वरूपात भाजतात. उपचार पुष्कळ सुधारले आहेत. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० मध्ये देशातील पहिली त्वचापेढी सुरू झाली. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत दिलेली त्वचा अशा रुग्णांचे तात्पुरते कवच बनते. पण पेढी, शस्त्रक्रिया, सलाईन हे सारे वीस मिनिटांनंतरचे. इंदूरला महाराजा यशवंतराव रुग्णालयासारखे मोठे सरकारी रुग्णालय सियागंजापासून फार दूर नाही. तरी पहिली वीस मिनिटे रुग्णालयाची नसतात. ती शेजारी उभ्या असलेल्या माणसाची असतात.

त्या मुलाचा हात वाचला. करंगळी व तिच्या शेजारचे बोट मात्र व्रण आकसून कायमचे वाकले. माठाचे पाणी ओतले असते तर बोटे सरळ राहिली असती का? खात्रीने कोणी सांगू शकणार नाही. दूध उकळते होते. कदाचित मधले वलयही गेलेच असते. पण ही शंका मला आज भेडसावते, कारण मी तिला उत्तर मिळण्याची संधीच दिली नाही.

काही वर्षांपूर्वी मामींना भेटायला गेलो होतो. ती गुमटी आता त्याचीच आहे. स्टोव्हच्या जागी गॅस आला आहे, आणि फळीला पुढून लोखंडी पट्टी ठोकली आहे, गाडीचा धक्का बसू नये म्हणून. पायाशी झाकलेली पाण्याची बादली होती. "ये किसलिए?" मी विचारले. तो हसला. "आप ही के लिए, भैया. फिर कभी कोई पेस्ट लेके आया तो पहले इसमें हाथ डलवाऊँगा."

मी त्याची माफी मागितली. त्याने मला चहा दिला, डाव्या हाताने.

आपल्या महाविद्यालयाच्या वसतिगृहात, भोजनगृहात आणि रसायनशाळेत वरील सात सूत्रांचा तक्ता लागावा, मराठीत आणि कन्नडमध्ये, अशी माझी प्राचार्यांना व दोन्ही विभागांच्या संपादकांना विनंती आहे. भाषांतर अवघड जाऊ नये. कन्नड बंधुभगिनी पाण्याला 'नीरु' म्हणतात, आणि आपल्यालाही 'नीर' परके नाही. पुढच्या वेळी कोणी ओरडेल, "पाणी टाकू नका!" तेव्हा आपल्यापैकी एकाने तरी लोटा मागे घेऊ नये, एवढेच.